तोंडातला घोट

१ जुलै २०२५, मंगळवार. पहाटे ५.४०

गेटवरच्या केबिनमध्ये दारू तपासायच्या मशीनच्या नळ्या पाकिटातून काढून डब्यात उभ्या लावत होतो. नियम असा की तपासणाऱ्याने आधी स्वतः फुंकायचे. फुंकले. ०००. हे तीन शून्य दिसेपर्यंत रोज छातीत धडधडते. जन्मात दारूला तोंड लावलेले नाही, तरी.

नवीन मशीन फुंकणाऱ्याचा फोटो काढते. शून्य असेल तर हिरवा दिवा लागतो आणि गेटचा दांडा वर जातो. आकडा आला की लाल. मग पडद्यावर दोन चौकोन येतात, ‘पुन्हा तपासणी’ आणि ‘पक्के’. पक्के दाबले की नोंद फोटोसकट सेफ्टीच्या वैद्य मॅडमच्या फोनवर जाते आणि त्या माणसाचा पास बंद. दाबलेले मला परत घेता येत नाही. समोरचा बोर्ड मीच रंगवला आहे. ‘लाल आल्यास चूळ भरावी. पंधरा मिनिटे बसावे. पुन्हा तपासणी करावी.’ मॅडम म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे, शिक्षण किती? बारावी अर्धी, म्हणालो. पुढे विचारले नाही, बरे झाले.

सहाच्या सुमारास तात्या आले. आमच्या कंपनीच्या बागेला पाणी घालतात, माझ्यासारखेच कॉन्ट्रॅक्टवर. कंपनीच्या मागे गाव आहे, तिथले. कंपनी उभी आहे त्यातली काही जमीन त्यांच्या घरची होती. फुंकायच्या आधी टोपी काढून मशीनला नमस्कार करतात. रांगेतून कोणीतरी म्हणाले, तात्या, आखाड लागला, आता तुमचा वर्षाचा कोटा.

तात्या मागे न बघता, “माझा कोटा देवाकडं हाय. तुझ्यावानी वाइन शॉपात न्हाई.”

रांग हसली. मीही. पाण्याच्या टाकीजवळ म्हसोबाचा दगड आहे, कंपनीच्या आधीपासूनचा. दर आखाडात एका मंगळवारी गावचे पाच जण आत येऊन त्याला दारूचा नैवेद्य दाखवतात, आणि पहिला घोट तात्या घेतात. कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा १५ तारीख. यंदा गेटवर हे मशीन आहे, आणि मशीनवर मी.


३ जुलै, गुरुवार. सुट्टी

आपल्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, म्हणून बसायचे ते बुधवारी. मोशीच्या खोलीवर आम्ही चौघे. संतोष फोर्कलिफ्ट चालवतो, नांदेडकडचा. बाकी दोघे प्रेस शॉपला.

काल नीट बघत होतो. प्रत्येकाची आपापली क्वार्टर. कोणी कोणाला ओतून देत नाही. शेंगदाणे एका ताटात, पण मोबाइल तीन. एक मॅच बघतोय, एक गावाकडे बायकोशी बोलतोय, संतोष काहीतरी बघून एकटाच हसतोय. सतरंजी एक, माणसे तीन ठिकाणी.

आणि घड्याळ. मशीन आल्यापासून यांची दारू घड्याळावर चालते, दुसऱ्या दिवशी सुट्टी असली तरी. आता थांबलो तर किती वाजता शून्य, याचा हिशोब संतोष बोटांवर करतो आणि बरोबर करतो. दहाला बाटली टोपण लावून ठेवून दिली. मला हे अजून खरे वाटत नाही. बाबा प्यायचे तेव्हा दारू संपली की थांबायचे, किंवा बाबा संपले की. अर्ध्यावर टोपण लावणारा माणूस मी लहानपणी पाहिलेला नाही.

गाड्यांच्या किल्ल्या नेहमीप्रमाणे तांदळाच्या डब्यात टाकल्या. संतोष म्हणतो, “तू वॉचमनचाच जन्म घेऊन आलायस राव. प्यायचं न्हाई, निजायचं न्हाई, नुसतं बघत बसायचं.”

खरे आहे. ते झोपेपर्यंत मला झोप लागत नाही.


५ जुलै, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत टाकीजवळच्या लिंबाखाली तात्यांबरोबर डबा खाल्ला. पूर्वीचे सांगत होते. आठवेल तसे लिहून ठेवतो.

त्यांच्या लहानपणी गावात दारू विकत मिळत नसे. गूळ आणि बाभळीची साल भिजत घालायची, ओढ्याला भट्टी लावायची. आखाडातल्या त्या एका दिवशी. सगळ्या गावाला मिळून एक मडके आणि एकच पितळी वाटी. वाटी फिरायची. शेवटच्या माणसाचा पहिला घोट झाल्याशिवाय पहिल्याला दुसरा नाही. बाळंतिणींनाही बोटभर जायची. दुसऱ्या दिवशी मडके ओढ्यात फोडायचे. मग वर्षभर नाव नाही.

पुढे पिंपरीला कंपन्या आल्या. गावची पोरे सायकलवर जायची, पगाराच्या दिवशी वाटेत थांबायची. तरी बाटली एक आणि पिणारे चार. नंतर आपल्याकडे जमिनी गेल्या.

“जमिनीचा चेक आला तवा आमी पयल्यांदा बघितलं, अख्खी बाटली आन एकलाच माणूस. आमच्या आळीतली तीन माणसं त्या चेकात गेली.”

मी विचारले, आणि तुम्ही?

“मी वाढायचो,” म्हणाले. डबा धुवायला उठले.


१० जुलै, गुरुवार

काल संध्याकाळी रावेतला जेवण होते. वर्षभर कंपनीत अपघात झाला नाही म्हणून. गेटवरच्या दोघांनाही बोलावले. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

तिथे बिअर तिथेच तयार करतात. काचेमागे तांब्याच्या टाक्या, छतापर्यंत. त्यांवर दिवे सोडलेले. आमच्या प्लांटमधल्या टाक्यांवर धूळ असते, या टाक्यांकडे बघून देवळात आल्यासारखे वाटले. तात्यांचे ओढ्यातले मडके आठवले. तेच काम, पण केवढे झाले.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब. उंच खुर्चीत बाळ. आजी नऊवारीत. मुलाच्या ग्लासातून एक घोट घेतला, तोंड वाकडे केले, ग्लास परत दिला. थोड्या वेळाने पुन्हा मागितला. कोणी काही बोलले नाही. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे, संतोषने पाय मारला.

वैद्य मॅडमनी एक ग्लास घेतला. सावकाश, तासभर. मधे सासऱ्यांचा फोन आला तर सरळ म्हणाल्या, “बाबा, बिअर पितेय, दहापर्यंत येते.” पलीकडून बहुतेक ‘बरं’ म्हणाले असणार, कारण फोन ठेवून त्या कॅबचे बघू लागल्या. आमच्या घरी तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. सगळ्या गावाला दिसायचे आणि घरात शब्द नसायचा.

मी लिंबू सोडा.

कॉन्ट्रॅक्टरचे सुपरवायझर गायकवाड तिसऱ्या ग्लासानंतर माझ्या खांद्यावर हात टाकून बोलत होते. ३१ ला रिन्युअल आहे, गेटवर दोन पोरे आहेत, ठेवायचे एकच. “रांग थांबली की साहेब मला फोन करतो. लाल म्हणजे लाल. पुन्हा-बिन्हा नाटक नको.”

हो म्हणालो.


११ जुलै, शुक्रवार

मॅडमनी केबिनमध्ये तात्यांना, त्यांच्या पुतण्याला, म्हणजे दत्ताला, आणि मला बोलावले. नियमाप्रमाणे गेटच्या आत थेंबही चालत नाही. पण जमीन घेताना गावाला शब्द दिला आहे की देव हलणार नाही आणि देवाचे बंद होणार नाही. मॅडम बराच वेळ पेन फिरवत बसल्या. ठरले ते असे: एक सीलबंद क्वार्टर. गेटपासून दगडापर्यंत ती माझ्या हातात. रिकामी बाटली माझ्याच हातात परत. गावचे चौघे जाताना फुंकतील. तात्या त्या दिवशी कामावर, म्हणून पुन्हा बागेत जायच्या आधी गेटवर येऊन फुंकतील.

मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी सुट्टी घ्या ना तात्या, सगळ्यांचंच सोपं होईल.

“देवाच्या दिशी देवाच्या दारातनं सुट्टी कशी घिऊ बाई?”

बाहेर आल्यावर मी विचारले, तात्या, घोट घेतल्यावर मशीनला कळणारच ना. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, “तुझं काम तू कर. माझं मी करतो.”




१५ जुलै, मंगळवार

सगळे क्रमाने लिहितो. 

सकाळी उघडीप. चांगले ऊन. साडेनऊला गावचे चौघे आले, पाचवे तात्या बागेतूनच. दत्ताने बाटली माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा भरलेली बाटली हातात धरली. हलकी होती. मला वाटायचे जड असेल.

दगडाला शेंदूर लावला, हार घातला. एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला भंगाराचा ढीग, प्रेसचा ठोका सतत चालू. दत्ताने पिशवीतून पितळी वाटी काढली. तीच. कडा झिजून कागदासारखी झालेली. वाटीत ओतली. तात्यांनी टोपी काढली, वाटी दोन्ही हातांनी उचलली, तोंडात घेतली. गाल फुगले. वाटी खाली ठेवली आणि हात जोडून दगडासमोर उभे राहिले. आता गिळतील, म्हणून मी बघत होतो. बघणे माझे कामच होते.

गिळले नाही.

दत्ताने गाऱ्हाणे सुरू केले. तेव्हा समजले की तात्या स्वतः गाऱ्हाणे का घालत नाहीत. तोंड मोकळे नसते. दत्ता देवाचे नाव घेतो, मग शिवेचे, ओढ्याचे, मग एकेका आळीचे, गाईबैलांचे, गेलेल्यांचे, सासरी गेलेल्या लेकींचे. संपेल वाटले तर पुढे कंपनीचे निघाले. मशिने नीट चालू देत, कोणाचे बोट जाऊ देऊ नको, कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचे रिन्युअल होऊ दे. मी नकळत हात जोडले. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. कपाळावर शीर उभी. पण कंठ जागचा हलला नाही. एकदाही नाही. तेवढ्या वेळात मी स्वतः किती वेळा आवंढा गिळला.

दत्ता ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला, आणि तात्यांनी तो घोट दगडावर फवारला. पंख्यासारखा. उन्हात क्षणभर त्यात रंग दिसले. उरलेली दारू दत्ताने दगडाभोवती ओतून बाटली माझ्या हातात दिली. दुसऱ्या कोणीही वाटीला तोंड लावले नाही.

 दारू मी दर आठवड्याला बघतो. अशी कधी बघितली नव्हती.

तिथून सरळ गेट. चौघांचे ०००. तात्या हसत पुढे आले, फुंकले. लाल. १४६.

लाल येणारच, तोंडात वास होता. मला ते माहीत होते. म्हणालो, तात्या चूळ भरा. म्हणाले, दगड वाळेस्तोवर तोंडात पाणी घ्यायचे नाही. म्हणालो मग पंधरा मिनिटे बसा. तोवर गायकवाड मागे येऊन उभे. बाहेर मालाच्या तीन गाड्या, हॉर्न. चूळ भरायला नकार म्हणजे तपासणीलाच नकार, म्हणाले, काय बघतोस, दाब. मनात ३१ तारीख आली. मनात असेही आले की थोडी गेली असेल पोटात, कोणी पाहिले आहे? मी पाहिले होते.

पक्के दाबले.

पडद्यावर फोटो राहिला. टोपी नसलेले तात्या, हसताना.

“झालं का? मग जाऊ आत?” त्यांनी विचारले. दांडा वर गेला नाही.

गाड्या गेल्या, गायकवाड गेले. तात्या बाहेर चहाच्या टपरीवर बसून होते. टपरीवाल्याकडून निरोप आला, दगड वाळला का बघून ये. गेलो, हात लावून बघितला. कोरडा, उन्हाने गरम. सांगितले. मग त्यांनी टपरीवरच चूळ भरली, दांड्याच्या अलीकडे माझ्या खिडकीशी आले. “आता बघ.”

ड्रॉवरमध्ये जुने हातातले मशीन आहे. नेटला जोडलेले नाही, फोटो काढत नाही. त्यावर घेतले. ०००. पुन्हा घेतले. ०००. लाल आल्याला अर्धा तास झाला होता. खरेच पोटात गेली असती तर १४६ चे अर्ध्या तासात शून्य होत नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवले आहे.

“दिसलं?”

“दिसलं.”

“मग ठीक हाय,” म्हणाले आणि टोपी घालून गावाकडे चालू लागले. भांडले असते तर बरे वाटले असते.


१६ जुलै, बुधवार

तात्यांचा पास बंद. बागेला दुसरा माणूस. पाणी मुळावर न घालता पानांवर घालतो.

रांगेत विनोद चालू. म्हाताऱ्याने कोटा वाढवला म्हणे. देवाने उरवली नाही म्हणे. मी नळ्या देत राहिलो.

रात्री संतोषला सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, हातातला पेग संपवला. मग म्हणाला, तो जमीन विकलेला माणूस आहे, उपाशी मरत नाही. तू महिन्याला घरी पैसे पाठवतोस. “गप ऱ्हा. तुझ्याबिगर हे कुणाला म्हाईत हाय?”

तेच तर.


१८ जुलै, शुक्रवार

शिफ्ट संपल्यावर तात्यांच्या घरी गेलो. बिस्किटांचा पुडा नेला. नवे दुमजली घर, खाली दोन भाडेकरू. तात्या अंगणात झाडांना पाणी घालत होते, मुळावर. त्यांच्या बायकोने, आजींनी, मला बघून विचारले, “ह्योच का तो दाबणारा?” तात्या म्हणाले, “व्हय. च्या टाक.”

मी माफी मागायला गेलो होतो, पण ते मागू देईनात. दुसरेच बोलत राहिले. शेवटी मी विचारले, तात्या, इतकी वर्षे लोक तुम्हाला देवाचा पिणारा म्हणतात, तुम्ही सांगत का नाही?

तेव्हा सांगितले. त्यांच्या आजोबांच्याही आधीची गोष्ट. एका आखाडात सगळे गाव प्याले आणि रात्री कडब्याच्या गंजी पेटल्या. उठून पाणी टाकील असा एक माणूस शुद्धीत नव्हता. गोठ्यात बांधलेली जनावरे गेली. मग गाव बसले आणि ठरवले, एका घराने प्यायचे नाही. पण देवाचा मान कसा चुकवायचा? म्हणून त्या घरच्या माणसाने पहिला घोट तोंडात घ्यायचा, गाऱ्हाणे संपेस्तोवर धरायचा आणि देवालाच द्यायचा. नंतर वाटी फिरवायची, सगळ्यांना वाढायचे, आणि एकेकाला मोजून घरी पोचवायचे. त्याला राखण्या म्हणतात. ते घर तात्यांचे.

“देवाचा मान बी राह्यला, आन शुद्धीत एक मानूस बी राह्यला.”

म्हणजे तात्यांनी आयुष्यात कधीच? मी विचारायच्या आधी आजी म्हणाल्या, “लग्नात वरातीला समदे लोळत व्हते. नवरदेव एकेकाला खांद्यावर घिऊन पोचवीत व्हता. म्या मांडवात बसल्येली एकली.”

 इतकी वर्षे सगळ्यांनी पिणारा म्हटले, आणि हा माणूस तोंड भरून उभा.

मग तात्या खरे बोलले. रोजाचे त्यांना काही नाही. पण पास बंद म्हणजे आतला देव बंद. दत्ता गाऱ्हाणे घालू शकतो, घोट धरू शकत नाही, तो पितो. मुलगा रावेतला राहतो. “गुनाचा हाय पोरगा. पर शुक्रवारी गिळतो. ज्याला गिळायची सवं लागली त्याला धरता येत न्हाई. पुढल्या आखाडात दगडाम्होरं उभं कोन ऱ्हानार?”

जाताना म्हणाले, तुला बघायचंय का कसं असतं? तांब्यातून पाण्याचा घोट दिला. गिळू नको, म्हणाले, आणि गाऱ्हाणे सुरू केले. त्यांच्या स्वतःच्या तोंडून. आजीही हातातले टाकून ऐकत उभ्या राहिल्या. त्यांनीही ते त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकले असावे. ओढा झाला, आळ्या झाल्या, आणि बैलांचे नाव आले तिथे माझा घोट खाली गेला. साधे पाणी.

तात्या इतके हसले की खोकला लागला. “बैलापत्तोर आलास. माझा पोरगा शिवंलाच गिळून बसला व्हता.”


२१ जुलै, सोमवार

काल शिफ्टनंतर रात्रीपर्यंत कागद लिहिला. चार वेळा. आज मॅडमना दिला. बोर्डावर मी लिहिलेला नियम मीच पाळला नाही, पंधरा मिनिटे थांबलो नाही, पक्के दाबले, सबब ती नोंद धरू नये. तात्यांनी घोट गिळला नाही, हे मी समोर उभा राहून पाहिले आहे. खाली सही.

मॅडमनी दोनदा वाचला. जुन्या मशीनचे विचारले. त्याच्या तपासणीची मुदत मार्चमध्येच संपली आहे, तो आकडा धरता येत नाही, म्हणाल्या. “म्हणजे तुझा शब्द, एवढंच आहे.”

“हो.”

“नोंद रद्द करायची तर चूक कोणाची, तो रकाना मला रिकामा ठेवता येत नाही. समजतंय ना?”

समजत होते.

त्या कठोर नाहीत. माझ्याकडे पाणी सरकवले. म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी मी हा कागद पुढे पाठवते. तोपर्यंत वाटलं तर परत घेऊन जा, मी काही विचारणार नाही. मी दारापर्यंत गेल्यावर हाक मारली. “नितीन, एक सांग. इतका वेळ तोंडात धरून एक थेंबही गिळायचा नाही, हे शक्य आहे का?”

मी बघितले आहे, तरी उत्तर देता आले नाही. मी पाण्यावर बैलापर्यंत गेलेला माणूस.


२३ जुलै, बुधवार

रोज सकाळी पाण्याने सराव. दत्ताने त्या दिवशीचा व्हिडिओ पाठवला आहे, तो लावतो. काल सासरच्या लेकींपर्यंत. आज कंपनीपर्यंत आलो, बोट जाऊ देऊ नको इथे गेला.

गायकवाडांचा फोन. त्यांना कुठून कळले माहीत नाही. कागद परत घे, म्हाताऱ्याला मी दुसऱ्या कंपनीत बागेला लावतो, तुझे रिन्युअल मी बघतो. सगळ्यांचे भले. वाईट बोलले नाहीत. त्यांनाही वर कोणी आहे.

दुसऱ्या कंपनीत तो दगड नाही.


२४ जुलै, गुरुवार. सुट्टी. गटारी

अमावास्या आणि सुट्टी एकाच दिवशी, त्यामुळे खोलीवर सकाळपासून तयारी. उद्यापासून श्रावण, महिनाभर बंद. संतोष म्हणतो हे तेवढे अजून जुन्यासारखे आहे, पूर्वी वर्षाने प्यायचे, आम्ही निदान महिनाभर सोडतो. अकरा वाजता मटण शिजत होते. किल्ल्या तांदळात.

मी संतोषला म्हणालो, एक घोट मला दे.

तिघेही बघत राहिले. संतोषने विचारले, डोकं फिरलं का? मी सांगितले, प्यायचा नाही, धरायचा आहे. मॅडमनी विचारले त्याचे उत्तर मला उद्याच्या आत पाहिजे. त्याने स्टीलच्या वाटीत ओतली, बिनपाण्याची. दत्ताचा व्हिडिओ लावून मोबाइल भिंतीला टेकवला. वाटी उचलली.  बाबांचा वास आला. तोंडात घेतली.

आग. जीभ, हिरड्या, नाकात. डोळ्यांतून पाणी. दत्ता देवाचे नाव घेत होता, मग शीव. शिवेलाच वाटले संपले आपले. ओढा. आळ्या. कंठ आपोआप वर यायला बघतो, त्याला खाली दाबून धरावे लागते, श्वास नाकाने, तोही अर्धा. बैल. बैल गेले. आता अंधुक दिसत होते, पण एक दिसले. तिघांचे मोबाइल खाली होते. तिघे माझ्या गळ्याकडे बघत होते. सतरंजीवर पहिल्यांदाच सगळे एका ठिकाणी. लेकी. मशिने. बोटे. रिन्युअलला हसू येईल अशी भीती होती, आले नाही.

‘व्हय म्हाराजा.’

मोरीत थुंकलो. बराच वेळ मोरीला धरून उभा होतो.

“गेला का?” संतोषने हळूच विचारले.

“नाही.” मग म्हणालो, बहुतेक नाही.

तात्यांचे ‘बहुतेक’ नसते. ते हे दर वर्षी करतात, उन्हात, टोपी काढून, आणि मग हसत मशीनसमोर येतात.

 संतोषने माझी वाटी धुतली आणि त्याच वाटीत थोडी ओतून पलीकडच्याला दिली. त्याने घोट घेऊन पुढच्याला दिली. वाटी फिरत राहिली. मी चूळ भरली नाही. मोरीतला दगड वाळायची वाट बघत बसलो आहे आणि हे लिहितो आहे.

शक्य आहे, मॅडम. हे उद्या सांगता येईल. कागद त्यांच्या टेबलावरच आहे, मी परत आणलेला नाही. गायकवाडांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

खर्च: बस येऊन-जाऊन ४० रु., बिस्किटे ३०, कागदाची झेरॉक्स ४. एकूण ७४.
संतोषला देणे: एक घोट. घेत नाही म्हणतो.
तात्यांना देणे: १५ पासून कालपर्यंत, सुट्टी सोडून, आठ रोज, ५८० प्रमाणे ४,६४०. आणि पास.
येणे: ३१ तारखेनंतर काही नाही, असे धरून चालतो.

उद्या ५.४० ला आधी मीच फुंकणार.